फ्लॅक्समनची मोकळी रेषा आणि बेर्विकची भरलेली रेषा: पुराणदृश्यांची नवअभिजात मुद्राचित्रं कशी बघावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रीक-रोमन पुराणकथांवरची अठराव्या शतकाच्या अखेरची मुद्राचित्रं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून छापलेली चित्रं, बघताना तुमची दोन्हीकडून पंचाईत होते. इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनची होमरच्या 'इलियड'वरची चित्रं अर्धवट सोडल्यासारखी वाटतात, तर इटलीचा मोर्गेन आणि फ्रान्सचा बेर्विक या कोरणाऱ्यांची इतकी घोटलेली की त्यांत जीव सापडत नाही. मग या दोन्हींना नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या, एकाच शैलीत का बसवतात, आणि स्वतः तांब्याच्या प्लेटवर पुराणातला प्रसंग कोरताना यांच्याकडून काय घ्यावं?

मी ब्युरिन या कोरणीने काम करतो आणि ते शिकवतो, म्हणून उत्तर कामाच्या टेबलावरून देतो. या सगळ्यांपुढची अडचण एकच होती: प्राचीन संगमरवरी उठावशिल्पावर उजेड पडल्यावर आकार जसा ठसठशीत दिसतो, तसा तो फक्त रेषेने कागदावर कसा उतरवायचा. फ्लॅक्समनने उजेड काढून टाकला आणि आकाराची कड ठेवली. बेर्विकने कड काढून टाकली आणि उजेड ठेवला. हे ध्यानात ठेवून दोघांच्या प्लेट शेजारी शेजारी मांडल्या, की एकाचं काम अपुरं आणि दुसऱ्याचं निर्जीव वाटत नाही.

आधी हत्याराबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ब्युरिन ही चौकोनी किंवा शंकरपाळीच्या आकाराचा छेद असलेली पोलादी कांडी. तिचं टोक तिरपं घासलेलं असतं आणि मूठ तळहातात टेकवून ती पुढे ढकलायची असते. प्लेट वाळू भरलेल्या चामडी गादीवर ठेवतात. वळण हवं असेल तेव्हा उजवा हात सरळच ढकलत राहतो आणि डावा हात प्लेट फिरवतो. टोक खोल गेलं की खाच रुंद होते, रुंद खाचेत शाई जास्त मावते आणि छापलेली रेषा जाड, काळी येते. हात उचलत आणला की तीच रेषा केसाइतकी बारीक होऊन विरते. शाई मात्र एकच असते, करडी शाई नसते. डोळ्याला दिसणारा प्रत्येक करडा भाग हा रेषेची जाडी आणि दोन रेषांमधला कोरा कागद यांच्या प्रमाणातून तयार झालेला असतो.

फुगत जाऊन पुन्हा बारीक होणारी ही रेषा नवअभिजात काळाचा शोध नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच कोरणारा होल्ट्सियस याने तिला अफाट वाढवलं होतं. १६४९ मध्ये फ्रेंच कोरणारा क्लोद मेलाँ याने येशूचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून सुरू होणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत कोरला. छायाप्रकाश म्हणजे त्या एका रेषेचं जाड-बारीक होणं. फ्रान्समध्ये आब्राम बॉसने १६४५ मध्ये या कामाचं पुस्तक लिहिलं आणि ते पुढे शतकभर वाढवून, सुधारून वापरलं गेलं. बेर्विकच्या पिढीला हात तयार मिळाला होता. त्यांनी त्या हाताला शिस्त लावली ती शिल्पाची.

बेर्विक (१७५६–१८२२) याची 'अकिलीसचं शिक्षण' ही १७९८ ची प्लेट घ्या. मूळ चित्र फ्रेंच चित्रकार रेन्योचं: नरतुरंग कायरॉन कोवळ्या अकिलीसला धनुष्य चालवायला शिकवतो आहे. या प्लेटवर भिंग ठेवून अकिलीसच्या अंगावरून सावकाश फिरा. रेषांचा पहिला थर अंगाच्या गोलाईला आडवा जातो, म्हणजे मांडी असेल तर मांडीला वळसा घालून. त्यावर दुसरा थर तिरका येतो आणि शंकरपाळ्यांची जाळी तयार होते. अर्ध्या उजेडाच्या जागी त्या शंकरपाळ्यांत एकेक ठिपका टोचलेला असतो. उजेडाकडे जाताना दुसरा थर आधी थांबतो, मग पहिल्या थराच्या रेषा तुटतात, तुकडे होतात, ठिपके होतात आणि शेवटी नुसता कागद उरतो. हा उतरता क्रम बिनचूक ठेवणं म्हणजेच या कामातलं कौशल्य. दोन थर काटकोनात आले की अंग कापडासारखं विणलेलं दिसतं, फारच चिंचोळ्या कोनात आले की लाटा उठतात आणि डोळा भिरभिरतो. मांसासाठी मधला कोन लागतो आणि तो प्रत्येक अवयवाला वेगळा असतो.

आता कायरॉनकडे वळा. घोड्याच्या अंगावर, दाढीत, वयस्क छातीवर रेषेचा स्वभाव बदलतो. यामागे एक अडचण आहे जी चित्रकाराला नसते आणि कोरणाऱ्याला सतत असते. चित्रात तांबूस अंग आणि तपकिरी केस रंगानेच वेगळे दिसतात. काळ्या शाईत दोन्ही एकाच तोलाचे करडे होऊ शकतात. म्हणून शेजारच्या दोन भागांचा गडदपणा सारखा असेल तर कोरणारा त्यांच्या रेषांची दिशा बदलतो. एकाच्या रेषा डावीकडे झुकतात, दुसऱ्याच्या उजवीकडे, आणि मध्ये एकही बाह्यरेषा न काढता दोन वस्तू सुट्या होतात. बेर्विकच्या कामात ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते.

यातलंच दुसरं निरीक्षण: उजेडाच्या बाजूला अंगाची कड शोधा. बहुतेक ठिकाणी ती सापडणार नाही. खांद्याची उजळ बाजू म्हणजे कोरा कागद, आणि तो कुठे संपतो हे पार्श्वभूमीच्या रेषा सांगतात, कारण त्या खांद्यापाशी येऊन थांबतात. सावलीच्या बाजूला उलटं. तिथे पार्श्वभूमी थोडी उघडी ठेवतात आणि अंग गडद करतात. शिवाय सावलीच्या अगदी शेवटच्या काठाला रेषा पुन्हा जराशा बारीक करतात, म्हणजे मागून परतलेला उजेड दिसतो आणि अंगाला गोलाई येते. हा परतीचा उजेड नसेल तर आकृती कापून चिकटवल्यासारखी वाटते.

हा उजेड कुठून आला? रोमच्या शिल्पदालनांतून. त्या काळी व्हॅटिकनमधली शिल्पं रात्री मशालीच्या उजेडात बघायला जायची पद्धत पडली होती, आणि इटालियन शिल्पकार कानोव्हा आपली शिल्पं दिव्याच्या उजेडात दाखवायचा. एका बाजूने, थोडा वरून, एकाच उगमातून येणारा उजेड पांढऱ्या दगडावर पडला की प्रत्येक स्नायूची चढ-उतार वाचता येते. आपल्याकडे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पिढ्यान् पिढ्या प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन शिकवलं गेलं. ज्यांनी तो वर्ग केला आहे त्यांना हा उजेड ओळखीचा वाटेल. बेर्विकची १८०९ ची 'लाओकोऑन' (सापांच्या विळख्यात सापडलेला बाप आणि त्याचे दोन मुलगे, या प्राचीन शिल्पावरची प्लेट) याच उजेडाची परीक्षा आहे. नेपोलियनच्या फौजांनी ते शिल्प रोमहून पॅरिसला नेलं होतं तेव्हाची ही प्लेट. इथे रंगांचं भाषांतर करायची कटकट नव्हती, पुढ्यात नुसता संगमरवर होता. बापाच्या छातीवर आणि पोटावर ताणलेल्या रेषांचा प्रवास बघा. वेदनेने आत ओढलेलं पोट त्या रेषांच्या जवळ-दूर होण्यातून कळतं, चेहरा झाकून बघितलं तरी.

ठिपक्यांनी कोरण्याची एक वेगळी पद्धतही याच काळात लोकप्रिय होती. लंडनमध्ये बार्तोलोझ्झी आणि त्याच्या बरोबरीच्यांनी चित्रकार अँजेलिका काउफमनच्या पुराणदृश्यांच्या अशा प्रिंट काढल्या, पुष्कळदा तांबूस शाईत. त्या गोड दिसतात, भिंतीवर शोभतात. मला त्यांतून शिकण्यासारखं कमी सापडलं, कारण ठिपक्याला दिशा नसते आणि दिशा गेली की आकार कुठे वळतो हे सांगायचं मुख्य साधन जातं.

आता फ्लॅक्समन. जॉन फ्लॅक्समन (१७५५–१८२६) मुळात शिल्पकार. तरुणपणी तो वेजवुडच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यासाठी उठावचित्रांचे नमुने करायचा. १७७८ चा 'होमरचं दैवतीकरण' हा त्याचा फलक ब्रिटिश संग्राहक सर विल्यम हॅमिल्टनच्या संग्रहातल्या ग्रीक कलशावरून घेतलेला आहे. १७८७ ते १७९४ तो रोममध्ये होता आणि तिथे त्याने होमरची 'इलियड' आणि 'ओडिसी', ग्रीक नाटककार इस्किलस आणि इटालियन कवी दान्ते यांवर रेखाचित्रं केली. 'इलियड' आणि 'ओडिसी'च्या प्लेट तोम्मासो पिरोलीने कोरल्या आणि १७९३ मध्ये त्या रोमला निघाल्या. छाया जवळजवळ नाहीच. जमीन म्हणजे एक-दोन रेघा, आकाश म्हणजे कोरा कागद.

यात काय बघायचं? पहिलं, रेषा कुठे सुटते. कपड्याच्या चुण्या मोजक्याच असतात आणि त्या अंगावरून खाली येताना मध्येच थांबतात. ती थांबण्याची जागा म्हणजे खालचा गुडघा किंवा नितंब कापडाला टेकलेली जागा. तिथे रेषा काढली असती तर गोलाई मोडली असती. म्हणजे उजेड इथेही आहे, फक्त तो रेषेच्या गैरहजेरीतून कळतो. दुसरं, दोन आकृत्यांमधली कोरी जागा. झोप आणि मृत्यू हे दोन पंखधारी भाऊ 'इलियड'मधला वीर सार्पेडॉन याचं शव उचलून नेतात ती प्लेट बघा. शवाचा भार छायेने दाखवता येत नाही, तेव्हा तो दाखवायची एकच सोय उरते: ताणलेल्या, लोंबत्या अंगाची रेषा आणि तिच्याखालचा मोकळा कागद. ती जागा हाताने झाकली तर शव जड वाटेनासं होतं. ओडिसियस एकाक्ष राक्षस पॉलिफेमसला मद्य देतो त्या प्लेटमध्ये राक्षस बसलेला आहे आणि तरी उभी माणसं त्याच्यापुढे लहान आहेत. गुहेचा अंधार रंगवून भीती आणण्याऐवजी फ्लॅक्समनने सगळा भार आकारमानावर टाकला आहे.

हे सारं ग्रीक कलशांवरून शिकलेलं आहे. हॅमिल्टनचा पहिला संग्रह दांकार्व्हिलने १७६० च्या दशकात भव्य रंगीत पानांत छापायला सुरुवात केली होती. दुसरा संग्रह टिशबाइनने १७९१ पासून नुसत्या बाह्यरेषेत काढला, आणि तो कलावंतांना सहज वापरता आला. जर्मन कला-अभ्यासक विंकेलमानने १७५५ मध्येच ग्रीकांच्या कडेच्या रेषेला सौंदर्याचं सर्वोच्च स्थान दिलं होतं. फ्लॅक्समनचं वेगळेपण असं की त्याने हे वचन अक्षरशः घेतलं, आणि तो शिल्पकार असल्यामुळे त्याची रेषा कलशावरच्या सपाट आकृतीसारखी न राहता आत दगड असल्यासारखी भरीव वाटते.

कोरणाऱ्याच्या हाताने किती फरक पडतो हेही इथेच शिकता येतं. ग्रीक कवी हेसिअडवरच्या फ्लॅक्समनच्या चित्रांच्या ३७ प्लेट विल्यम ब्लेकने कोरल्या, त्या १८१७ मध्ये निघाल्या. ब्लेकने सलग रेषेऐवजी बारीक ठिपके आणि तुकडे जोडून बाह्यरेषा बनवली. रेखाटन त्याच माणसाचं, पण पिरोलीची रेषा कडक आणि ब्लेकची श्वास घेतल्यासारखी. बाह्यरेषेचं हे खूळ पुढे सगळीकडे पसरलं. पॅरिसमध्ये लाँदाँने १८०१ पासून संग्रहालयातल्या चित्रांची रेषारूपं छापली. अशा पुष्कळ प्लेटमध्ये सावलीच्या बाजूची रेषा मुद्दाम जाड आणि उजेडाच्या बाजूची बारीक ठेवलेली दिसेल. एवढ्या एका युक्तीने सपाट आकृती कागदावरून किंचित उचलली जाते.

रचनेकडे येतो. बरोक, म्हणजे आधीच्या सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या, चित्रात माणसं खोलवर, कर्णरेषेने, एकमेकांवर कोसळत येतात. नवअभिजात चित्रात ती रंगमंचाच्या पुढच्या कडेला ओळीने उभी राहतात, डोकी साधारण एका उंचीवर, मागे भिंत किंवा पडदा. प्राचीन शवपेटीवरच्या उठावाचीच ही मांडणी. इतिहासकार याचं कारण प्राचीनांची भक्ती असं सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण कोरणाऱ्याच्या बाजूनेही एक कारण आहे. खोलवर जाणारं चित्र कोरताना दहा अंतरांचे दहा करडे थर लागतात, आणि तांब्यावर इतके थर स्वच्छ सांभाळणं अतिशय अवघड असतं. आकृत्या एकाच पातळीत आल्या की दोन-तीन थर पुरतात आणि उरलेली सगळी ताकद अंगांच्या घडणीवर लावता येते. ही चित्रं तांब्यावर इतकी चांगली का उतरली, याचं मोठं कारण मला इथेच दिसतं.

गॅव्हिन हॅमिल्टन हा स्कॉटिश चित्रकार रोममध्ये राहून होमरवर मोठी चित्रं करत होता आणि दोमेनिको कुनेगो ती कोरत होता. ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या शवावर विलाप करणारी त्याची पत्नी अँड्रोमॅकी ही कुनेगोची १७६४ ची प्लेट. मूळ चित्र आता हरवलेलं आहे. आपल्याला ते या मुद्राचित्रातूनच माहीत आहे. शव आडवं, कागदाच्या खालच्या कडेला समांतर, आणि त्याच्यामागे उभी-वाकलेली शोकाकुल माणसं. शवाची आडवी रेषा आणि माणसांच्या उभ्या रेषा, एवढ्यावर सगळं तोललेलं. फ्रेंच चित्रकार दाविदने १७८३ मध्ये हाच विषय रंगवला तेव्हा ही मांडणी युरोपभर पोहोचलेली होती, आणि ती पोहोचवली तांब्याने. कुनेगोचा हात बेर्विकइतका तयार नाही, त्याच्या सावल्या जरा खरबरीत आहेत. रचना शिकायची असेल तर मात्र मी विद्यार्थ्यांना आधी कुनेगोच दाखवतो, कारण कातडीच्या चकाकीत डोळा अडकत नाही.

मोर्गेनबद्दल तुमची तक्रार जास्त तीव्र होती. राफाएल्लो मोर्गेन (१७५८–१८३३) हा व्होल्पातो या कोरणाऱ्याचा शिष्य आणि जावई. ग्विदो रेनीच्या 'अरोरा' (पहाटेची देवी) या छतचित्रावरून त्याने १७८७ मध्ये केलेली प्लेट फार गाजली; जर्मन चित्रकार मेंग्जने १७६१ मध्ये रोममधल्या व्हिला अल्बानीच्या छतावर रंगवलेलं 'पार्नासस'ही त्याने कोरलं. ही दोन्ही छतचित्रं असली तरी खालून वर बघितल्याचा आभास त्यांत नाही, भिंतीवरचं चित्र उचलून छताला लावल्यासारखी ती आहेत. म्हणूनच ती टेबलावरच्या कागदावर आली तेव्हा त्यांचं काहीच बिघडलं नाही. आकाशात उसळणारं बरोक छत असं कागदावर आणलं की मान वर न करता बघायला लागतं आणि अर्धी गंमत जाते. 'अरोरा'त अडचण वेगळी होती. अपोलोच्या रथामागचा सोनेरी झोत हा चित्राच्या आतला उजेड आहे, बाजूने आलेला नाही. सोनं काळ्या शाईत येत नाही. मग आभाळाच्या रेषा त्या झोताकडे जाताना बारीक होत, तुटत जातात आणि ढगांचे काठ गडद होतात, म्हणजे कोराच कागद तिथे जास्त पांढरा भासतो. मेंग्जच्या चित्रात अपोलो मधोमध उभा आणि दोन्हीकडे म्युझेस, म्हणजे कलादेवता. इथे मलाही थोडा ताठरपणा जाणवतो, पण तो मेंग्जचा आहे, मोर्गेनने तो इमानाने कोरला.

निर्जीव वाटण्याचं आणखी एक कारण तपासून घ्या: तुम्ही बघितली ती प्रत कोणती होती? तांबं मऊ असतं आणि दर छपाईला प्लेट पुसताना, दाबताना झिजते. आधी जातात त्या सगळ्यांत उथळ रेषा आणि ठिपके, म्हणजे नेमका उजेडाकडे जाणारा उतार. उरतात त्या खोल सावल्या. झिजलेल्या प्लेटच्या प्रतीत त्यामुळे पांढरे डाग आणि काळे डाग यांच्यात काहीच नसतं आणि अंग पत्र्याचं दिसतं. गाजलेल्या प्लेट जास्त छापल्या गेल्या, म्हणून मोर्गेनच्या अशा प्रती जास्त भेटतात. पडद्यावर बघत असाल तर दुसरा धोका: लहान केलेल्या चित्रात या समांतर रेषांच्या खोट्या लाटा उमटतात. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम किंवा न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारातली छायाचित्रं मोफत उतरवता येतात. ती पूर्ण आकारात उघडा आणि एका वेळी एकच गुडघा किंवा एकच खांदा बघा. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात उत्तरकालीन प्रत हाती लागली तरी घ्या. चुरगळलेल्या प्रतीतूनही रेषेची दिशा वाचता येते.

तुमच्या स्वतःच्या प्लेटसाठी. आपल्याकडचा पौराणिक प्रसंग घेणार असाल तर डोळ्यांसमोर बहुधा रविवर्म्याच्या छापखान्यातली रंगीत चित्रं येतील. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला तो छापखाना शिळाछापाचा होता. तिथे छायाप्रकाश ठिपक्यांनी आणि अनेक रंगांच्या थरांनी बांधला जात होता. ती मांडणी तशीच्या तशी ब्युरिनला देऊ नका, साड्यांचे रंग काढून घेतल्यावर आकृत्या एकमेकींत मिसळतील. प्रसंगातली माणसं आधी मातीत, हातभर लांबीच्या उथळ उठावात करून बघा. मग खोली अंधारी करून एकच दिवा डावीकडून, थोडा वर लावा. त्या उठावावरून दोन रेखाटनं करा: एक फ्लॅक्समनसारखं, नुसत्या कडेचं, आणि दुसरं कड अजिबात न काढता, फक्त सावल्यांचं. दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर जिथे कड आणि सावली दोन्ही नाहीत त्या जागा तांब्यावर कोऱ्याच ठेवायच्या.

प्लेटवर उतरवताना सगळं उलटं होतं हे विसरू नका. रेखाटन ट्रेसिंगवरून पालथं करून घ्या, नाहीतर अर्जुन डावखुरा होईल. काम करताना समोर आरसा ठेवा. रेखाटनात डावीकडून येणारा उजेड प्लेटवर उजवीकडून येतो, आणि नेमकी जाड-बारीकची बाजू इथेच चुकते. गवत, खडक, केस यांची सुरुवात एचिंगने, म्हणजे आम्लाने रेषा खोदून, केलीत तरी चालेल, जुने लोकही तेच करत, कारण आम्लाची थोडी वेडीवाकडी रेषा तिथे शोभते. अंग मात्र पूर्ण ब्युरिनने करा. आधी एकच थर टाका, प्रूफ (चाचणीची छाप) काढा, ते भिंतीला लावून चार पावलं मागून बघा. दुसरा थर कुठे हवा ते प्रूफवर पेन्सिलने खूण करून मगच प्लेटला हात लावा. पहिल्या थरातच गोलाई आली असेल तर त्या भागात दुसरा थर टाकू नका. आणि पहिली प्लेट एकाच आकृतीची करा, फार तर दोन. कायरॉन आणि अकिलीस दोघेच आहेत, तरी बेर्विकसारख्या माणसाला ती प्लेट कसोटीची होती.